मेश्राम सरांचा ठराव

मेश्राम सर मस्कतमध्ये ड्रायव्हिंगच्या ड्रम टेस्टला सात वेळा नापास झाले. ओमानमध्ये लायसन्स हवं असेल तर आधी पिंपांच्या मधून गाडी उलटी काढून दाखवावी लागते. पिंपाला नुसती घासली तरी खलास, पुढची तारीख घ्या. भलेभले इंजिनियर तिथे दोन-तीनदा आपटतात, पण सात वेळा म्हणजे आमच्या स्टाफरूमचा विक्रमच होता. आठव्यांदा फॉर्म भरायला सरांनी साफ नकार दिला. "रोमन सैन्याला मागं यायचं शिकवतच नव्हते जी," ते म्हणाले, "माझं बी तसंच समजा." आणि मागे न येता हे सैन्य कुठे कुठे सपाटून मार खाऊन मेलं, तेही त्यांनीच पुढची पाच मिनिटं सांगितलं.

मग त्यांना शाळेत आणायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही एकाच इंडियन शाळेत होतो, मी गणिताला, ते इतिहासाला. अल् खुवैरला माझ्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या सोडून त्यांची खोली होती. सकाळी साडेसहाला ते कोपऱ्यावरच्या लॉण्ड्रीपाशी उभे असायचे, हातात स्टीलचा डबा, खांद्याला कापडी पिशवी. उंच, काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. वर्गांत व्हाइटबोर्ड येऊन जमाना झाला होता, तरी सरांच्या खिशात खडू असायचाच. जिथे जुना फळा उरला होता तो वर्ग ते भांडून मिळवायचे. त्यामुळे बाहीला, खिशाला कायम पांढरं लागलेलं. कोणी झटकायला सांगितलं की म्हणायचे, "रोमात निवडणुकीला उभा राहणारा माणूस अंगरख्याला मुद्दाम खडू चोळायचा, उठून दिसावा म्हणून. मी कायमचा उमेदवार आहे असं समजा."

मी ह्या माणसाशी वाईट वागले. ते कधीतरी लिहायचं म्हणून बसते आणि उठते. आज लिहायचंच ठरवलंय, पण माझी लाज कळायची तर आधी सर कळायला हवेत, म्हणून ही पिंपांपासून सुरुवात.

सर मूळचे भंडाऱ्याचे. बायको लवकर गेली, मुलगा नागपूरला बँकेत. परदेशातल्या मराठी माणसांना एक खोड असते, नवा माणूस भेटला की "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारायचं. गाव कळलं तरी समाधान होत नाही. मग आडनाव, मग "म्हणजे तिकडे कोणाकडले?" अशी आडून आडून चौकशी चालते. सर समोरच्याचे कष्ट वाचवायचे. पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचे, "भंडाऱ्याचा. बौद्ध. चला, आता चहा घेऊ." समोरचा इतका ओशाळायचा की चहाला तोच पुढे.

अकरावीला प्राचीन रोमवर एक धडा होता. बाकीचे शिक्षक तो आठवड्यात उरकायचे, सरांना महिना पुरत नसे. एकदा मला मोकळा तास होता आणि त्यांच्या वर्गातून आरडाओरडा ऐकू आला, म्हणून दारातून डोकावले. सर सहल ठरवत होते. पुढच्या बाकांवरच्या मुलांना त्यांनी रोममधले जमीनदार केलं होतं, मधल्यांना दुकानदार, मागच्यांना काहीच नसलेली माणसं. कुठे जायचं, त्याचं मतदान पुढून सुरू झालं. पुढच्या बाकांच्या वाट्याला मतंच इतकी दिली होती की त्यांनी "वादी शाब" म्हटल्यावर निम्म्याच्या वर मतं झाली. सरांनी खडू खाली ठेवला. "खलास. वादी शाब."

"सर, वुई डिडन्ट इव्हन व्होट!" मागून माझीच मुलगी ओरडली. ईशा त्याच वर्गात होती.

"नेमकं."

"बट दॅट्स नॉट फेअर!"

"करेक्ट," सर म्हणाले. "पाच मार्कांना येतं. लिहून घ्या."

घरी येऊन ईशा दोन दिवस धुमसत होती. तिचं मराठी इथल्या सगळ्या पोरांसारखंच, अडखळत, पण मला पकडून सांगत होती, "आई, ते लोक लाइनमध्ये उभे राहायचे आणि त्यांचा टर्नच नाही यायचा. आणि त्यांना वाटायचं आपण सिटिझन आहोत." दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांसाठी माझी मुलगी चिडली होती. मी गणित शिकवते. माझ्या विषयापायी असं कोणी कधी चिडलेलं नाही.

आता मंडळाबद्दल सांगायला हवं. आमचं मराठी मंडळ म्हणजे गणपती, दिवाळी पहाट, कोजागरी आणि वर्षाची एक सर्वसाधारण सभा. सर देवाला हात जोडत नसत. आरती सुरू झाली की शांतपणे बाहेर जाऊन उभे राहायचे आणि जेवणाची पानं मांडली की आत यायचे. "सर, देव नको, पण मोदक बरा चालतो!" असं कोणी चिडवलं की म्हणायचे, "मोदकानं माझं काय वाकडं केलं जी?" तरी मंडळाच्या मुलांची नाटुकली तेच बसवायचे. निवेदन तेच लिहून द्यायचे. मराठी बोलायला मिळतं म्हणून येतो, म्हणायचे.

मंडळाच्या घटनेत एक कलम होतं. सभासदत्व कुटुंबाला. म्हणजे ज्याच्याकडे फॅमिली व्हिसा आहे, बायको-पोरं जवळ आहेत, त्यालाच मत. एकट्या बिऱ्हाडाला आम्ही सरसकट 'बॅचलर' म्हणायचो. सर एकटेच होते, पण बायको हयात असताना सभासद झालेले, म्हणून त्यांचं नाव राहिलं होतं. खरे 'बॅचलर' गाल्यात राहत. गाला म्हणजे मस्कतची औद्योगिक वस्ती, गॅरेजं, सुतारकामाची, एसीची, वेल्डिंगची वर्कशॉप्स. तिथे सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडची पंचवीस-तीस माणसं होती. त्यांतले दत्ताराम मेस्त्री कुडाळचे, वय पन्नाशीच्या पुढे, दोन मुलींची लग्नं झालेली, मांडीवर नातू. पण मस्कतमध्ये ते बॅचलर! दर वर्षी गणपतीचं मखर तेच करायचे, स्टेज तेच उभारायचे, दीडशे-दोनशे पानं त्यांचीच माणसं वाढायची आणि शेवटच्या पंगतीला बसायची.

"रोमात ज्याच्यापाशी काहीच नसे, त्याची सरकारदरबारी नोंद त्याच्या पोरांवरून व्हायची," सर एकदा गाडीत म्हणाले. "हा माणूस राज्याला काय देतो? तर पोरं. इथं पाहा न जी, मेस्त्रीला नातू झाला तरी आपण त्याला बॅचलरच म्हणून राहिलो." मी इतकी हसले की सिग्नल हिरवा झाल्याचं कळलं नाही आणि मागच्याने हॉर्न मारला.

मला हसायला फार आवडायचं, तेही लिहून ठेवते. शाळेत माझ्या तोंडाच्या पट्ट्याचा दरारा होता. प्रिन्सिपॉललासुद्धा मी मीटिंगमध्ये "हे चुकतंय" म्हणायची. त्यामुळे माझा असा समज होता की मी धीट आहे.

दिवाळीच्या सकाळी आम्ही अध्यक्षांच्या, सरदेसाईसाहेबांच्या व्हिलावर फराळाचा डबा घेऊन जायचो. आम्हीच नाही, मंडळातली निम्मी घरं जायची. दारात चपलांचा ढीग, आत साहेब सोफ्यावर, वहिनी चहा देतायत. एका वर्षी सर गाडीत मला सांगत होते, की रोममधल्या बड्या माणसाच्या दारात रोज उजाडता उजाडता त्याची आश्रित माणसं रांग लावायची. नमस्कार करायचा, काम सांगायचं, तो देईल ते घ्यायचं. बदल्यात तो निवडणुकीला उभा राहिला की मत, तो रस्त्याने निघाला की मागून चालायचं. "त्यात कमीपणा नव्हता जी. उलट ज्याला असा धनी नाही त्याचं काही खरं नव्हतं." मी म्हटलं, "अय्या, म्हणजे आमची दिवाळी!" सर हसले आणि त्यांनी विषय बदलला. आमच्या घरचं त्यांना माहीत होतं.

माहीत होतं ते असं. तेलाचे भाव पडले त्या वर्षी सुनीलच्या, माझ्या नवऱ्याच्या, कंपनीने अख्खा विभाग बंद केला. घरात दोन महिन्यांची नोटीस आणि हातात काही नाही. माझ्या पगारात मस्कतचं भाडं आणि ईशाचं शिक्षण निघालं नसतं. सरदेसाईसाहेबांनी पंधरा दिवसांत त्याला स्वतःच्या फर्ममध्ये घेतलं. उपकार केल्याचं एका शब्दाने कधी दाखवलं नाही. त्या माणसाला मी आजही वाईट म्हणणार नाही.

मग गणपतीत ती पासची गोष्ट झाली. त्या वर्षी गर्दी आवरेना म्हणून कमिटीने संध्याकाळच्या कार्यक्रमाला पास ठेवले होते, पास फक्त सभासदांना. दत्ताराम मेस्त्री स्वच्छ कपडे करून, केसांना पाणी लावून हॉलच्या दारात आले. आपण केलेलं मखर दिवे लागल्यावर कसं दिसतं ते बघायचं होतं त्यांना. दारात कमिटीतला एक तरुण इंजिनियर उभा होता, त्याने पास मागितला. मेस्त्री बाजूला होऊन उभे राहिले. सर मागून आले, आपला पास मेस्त्रींच्या खिशात घातला, त्यांच्या पाठीला हात लावून त्यांना आत ढकललं आणि स्वतः पार्किंगमध्ये फुटपाथच्या कठड्यावर जाऊन बसले. सप्टेंबरातला मस्कतचा दमट उकाडा. तीन तासांनी आम्ही बाहेर आलो तेव्हा शर्ट अंगाला चिकटलेला आणि तिथल्याच दोन बलुची ड्रायव्हरांना हिंदीतून काहीतरी सांगत होते. मला वाटतं रोमच असणार.

त्याच्या पुढच्या शुक्रवारपासून दुपारी ते गाल्यात जायला लागले. मेस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये लाकडाच्या भुशात बसून गोष्टी सांगायचे. एकदा त्यांना न्यायला मी गेले होते, तेव्हा दारात उभी राहून ऐकलं. रोमची गरीब माणसं चिडून शहर सोडून जवळच्या टेकडीवर जाऊन बसतात, ती गोष्ट चालू होती. भांडण नाही, मारामारी नाही. नुसतं सगळं काम टाकून निघून जायचं. श्रीमंतांकडून एक गोडबोल्या जातो आणि त्यांना समजावतो, की शहर म्हणजे एक शरीर आहे, पोट नुसतं खातं असं हातापायांना वाटतं, पण पोट खातं ते सगळ्यांसाठीच.

"सर, मगे ते परत इले काय नाय?" मेस्त्रींनी विचारलं.

"आले. पण आधी कबूल करून घेतलं, की आमची माणसं आम्ही निवडू. त्यांनी फक्त उभं राहून 'नाही' म्हटलं की मोठ्यातल्या मोठ्याचा हुकूम अडला पाहिजे. आणि त्यांच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही. त्यांच्या घराचं दार दिवसरात्र उघडं राही."

मेस्त्री रंध्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "आमका मत नको म्हणा. पण काय करतास ता एकदा इचारूक तरी होया."

परतताना सर गाडीत म्हणाले, "मॅडम, सर्वसाधारण सभेत ठराव मांडतो. कुटुंबाची अट काढा, गाल्याच्या लोकांना सभासद करा. मांडणारा मी. अनुमोदन कोण देईल?"

आमच्या सभेत नियम होता. ठराव मांडला की अध्यक्ष "अनुमोदन?" विचारणार. कोणीतरी उभं राहून नाव सांगून "माझं अनुमोदन" म्हणायचं. कोणी उभं राहिलं नाही तर ठराव चर्चेलाच येत नाही. हरतसुद्धा नाही, तो नसतोच.

"मी देईन," मी म्हटलं. त्यांना पुरतं विचारूही दिलं नाही. "आणि अनुमोदन देऊन गप्प नाही बसणार, चार गोष्टी सुनावणार आहे."

"सुनावू नका. उभं राहा, तेवढं पुरे." थोड्या वेळाने ते म्हणाले, "सुनीलभाऊंना विचारून घ्या, हं."

"त्याला काय विचारायचं? मत माझं आहे."

विचारलं मात्र. सुनील म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर." तो मनापासून म्हणाला. एवढं सांगते, की ह्या सगळ्यात मला गप्प बस असं कोणीही, कधीही म्हणालं नाही. तसं कोणी म्हणालं असतं तर फार बरं झालं असतं, मी भांडले असते.

सभा शुक्रवारी सकाळी होती. दारात सरदेसाईसाहेब सगळ्यांचं स्वागत करत होते. मला बघून म्हणाले, "काय वैशाली, ईशाचं बारावीनंतर काय ठरतंय? पुण्यात माझे बरेच लोक आहेत. काही लागलं तर संकोच करू नकोस." त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. ठरावाबद्दल त्यांना ठाऊकही नव्हतं. मी "हो, नक्की" म्हणाले आणि आत गेले. डावीकडे सुनील, उजवीकडे मेश्राम सर, मध्ये मी.

अहवाल झाला, जमाखर्च झाला. आयत्या वेळच्या विषयांत सर उठले. खिशातून कागद काढला, चष्मा लावला. पाच-सहा वाक्यं होती. रोमचं नाव नाही, कोणावर आरोप नाही. जे हात मखर बांधतात, पानं वाढतात, त्यांना मंडळात आपलं म्हणावं, अशी विनंती.  

साहेब म्हणाले, "सर, भावना चांगली आहे. आपण सगळे एक कुटुंबच आहोत. बरं, अनुमोदन?"

मी उठणारच होते. असं मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मी पर्सची चेन उघडली आणि त्यात काहीतरी शोधायला लागले. हाताला किल्ल्या लागल्या, रुमाल लागला. खाल्ल्या मिठाला जागावं असं लहानपणापासून ऐकत आले, ते त्या मिनिटात मनात फिरत होतं, आणि साहेबांचं "संकोच करू नकोस", आणि ती नोटीस. सुनील समोर बघत होता. साहेबांनी घाई केली नाही. सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली, माझ्यावरूनही. हॉलमध्ये शंभर माणसं असतील, सगळ्यांनी मूग गिळले होते. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यांनी शब्द दिला नव्हता.

"अनुमोदक नाही, त्यामुळे ठराव घेता येत नाही. पुढचा विषय, कोजागरीची तारीख."

सरांनी कागदाची घडी घातली आणि बसले. माझ्याकडे वळून बघितलं नाही. थोड्या वेळाने समोशाची प्लेट रांगेतून आली, तेव्हा त्यांनी ती आधी माझ्यासमोर धरली. मी समोसा घेतला. खाल्लासुद्धा.

घरी गेल्यावर ईशाने विचारलं, "आई, तू सेकंड केलं ना? सरांनी सांगितलं होतं, तू करणार." मी म्हटलं, "वेळच आली नाही." ती "ओह" म्हणून खोलीत गेली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, हे मी विचारलं नाही.

इथे शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो. त्या सकाळी लॉण्ड्रीपाशी सर नेहमीसारखे उभे होते. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. ते गाडीत बसले, डबा मांडीवर घेतला आणि म्हणाले, "नववी ब चे पेपर तपासून झाले का तुमचे?" बस. नंतर कधीही त्यांनी तो विषय काढला नाही. रागावले असते, टोमणा मारला असता, अबोला धरला असता, तर मला माफी मागता आली असती. ते होते तसेच राहिले आणि मला त्यांच्या शेजारी बसवेना. तिसऱ्या आठवड्यात मी सांगितलं, की सुनीलला गाडी लागते, आता मी दुसऱ्या मॅडमबरोबर येणार. साफ खोटं होतं ते. दुसऱ्या रस्त्याने वळसा घालून मी माझ्याच गाडीतून शाळेत यायची आणि मागच्या बाजूला लावायची. सर शेअर टॅक्सीने यायचे. शाळेच्या फाटकात टॅक्सीतून उतरताना मला एक-दोनदा दिसले, आणि मी त्यांना दिसले असेन असं मला वाटतं. शब्द मोडला ते एक वेळ भीतीपोटी. ही गाडीची गोष्ट भीतीपोटीसुद्धा नव्हती.

पुढच्या गणपतीला गाल्याहून कोणी आलं नाही. कमिटीने मेस्त्रींना फोन केला, तर "यंदा नाय जमाचा साहेब, कामा खूप आसत," एवढंच उत्तर. ज्याला फोन करावा त्याला कामं होती. सगळे नम्र, सगळ्यांच्या तोंडी इन्शाल्ला पुढच्या वर्षी. मग आमचे इंजिनियर, मॅनेजर, सीए लोक मखर करायला बसले. सुनीलने अंगठ्यावर हातोडी मारून घेतली. मखर उभं राहिलं, पण उजवीकडे कललं, आणि पाचही दिवस एकाने मागून काठी धरून ठेवली. पंगतीत वरण वाढताना एका बँक मॅनेजरने ते एका काकूंच्या पैठणीवर सांडलं. मी स्टाफरूममध्ये सरांना विचारलं, "हे तुम्ही केलंत ना?"

"मी फक्त इतिहास शिकवतो जी," ते म्हणाले, आणि पेपर तपासायला लागले.

त्या वर्षीच्या सभेत कुटुंबाची अट काढायचा ठराव स्वतः सरदेसाईसाहेबांनी मांडला. अनुमोदनाला अर्धा हॉल उभा राहिला, त्यात मी होते. सर सभेला आले नव्हते. टाळ्यांचा कडकडाट झाला, माझ्या टाळ्या सगळ्यांत जोरात होत्या. घरी येऊन मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

दोन वर्षांनी सरांना साठ पूर्ण झाली आणि शाळेने नियमाप्रमाणे निरोप दिला. भाषणं, घड्याळ, ग्रुप फोटो. शेवटच्या आठवड्यात ते माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, शुक्रवारी गाल्याला ते लोक काहीतरी करून राहिलेत माझ्यासाठी. तुम्ही याल? मेस्त्रीनं तुमचं नाव घेऊन सांगितलं." मला वाटलं गाडीसाठी विचारतायत. बरं वाटलं. मी म्हटलं, "मी नेते तुम्हाला."

गाडीत मी अखेर सुरुवात केली. "सर, त्या सभेत मी..."

"डावीकडे घ्या, डावीकडे," ते म्हणाले, "फाटा जाईल."

वर्कशॉप झाडून काढलं होतं. फळ्यांचं एक बसकं स्टेज, वर दोन खुर्च्या. मला उगाच वाटलं, दुसरी मेस्त्रींसाठी असेल. मेस्त्रींनी सरांना शाल घातली, नारळ दिला, पाया पडायला वाकले, तर सरांनी त्यांना वरच्या वर धरलं. मग मेस्त्री माझ्याकडे वळले. एका पोऱ्याने तबकात दुसरी शाल आणून दिली.

"सभेत सरांनी आमचो इषय काढलो होतो," मेस्त्री सगळ्यांना सांगायला लागले. "ठराव पडलो, ता सरांनीच हय येवन आमका सांगल्यानी. आमका वायट वाटला. तेव्हा सर म्हणाले, मेस्त्री, मी एकटो नव्हतंय. एक बाई माझ्यासोबत उभी रवली. घोवाची नोकरी साहेबाकडे, तरी उभी रवली. त्या वर्षी आमी गणपतीक नाय गेलो, तेव्हा कोण कोण म्हणा होते, सगळे सारखेच. मी म्हटलंय, नाय. एक बाई होती."

 कोणीच उभं राहिलं नाही, हे सरांना त्या माणसांना सांगवलं नसणार. शंभरातलं एकही नाही, हे कळून ती माणसं कशी परत कोणाच्या तोंडाकडे बघणार होती? त्यांना एक माणूस हवा होता, म्हणून ज्याने कबूल केलं होतं त्याचंच नाव सरांनी देऊन टाकलं. आणि ही माणसं ते तीन वर्षं खरं धरून चालली होती.

मी सरांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. मेस्त्रींनी शाल माझ्या खांद्यावर घातली, आणि मी मान वाकवली.

"दोन शब्द बोला, बाय," मेस्त्री म्हणाले.

मी उभी राहिले. समोर पंचवीस-तीस माणसं, दुपारची झोप मोडून, इस्त्रीचे शर्ट घालून बसलेली. सरांनी खुर्ची थोडी मागे सरकवून मला पुढे जागा करून दिली. ते थांबले होते. मी खरं बोलले तर चालेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट होतं की मला ते वाचता आलं नाही असं मी म्हणू शकत नाही. आणि त्यांची गोष्ट खोटी पडली असती तरी त्यांना वाईट वाटलं नसतं, हेही मला तेव्हाच कळलं होतं.

"मी तुमची सगळ्यांची खूप आभारी आहे," मी म्हणाले, आणि बसले.

 सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले, तो पुन्हा लावला. मग मांडीवरचा नारळ खाली ठेवून त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मागोमाग सगळ्यांनी वाजवल्या.